ठिणगी तीच, पण दरवेळी वेगळी

हिवाळ्यात अंगात लोकरीचा स्वेटर असताना लोखंडी कडीला हात लावला की बोटाला चटका बसतो. चटका जाणवला म्हणजे अंगावर साधारण 3,000 व्होल्ट तरी साठलेले होते. आपण हात झटकून पुढे जातो. पण तेच बोट रुग्णालयातल्या सलाईनच्या पंपाच्या बटणावर पडलं तर? आतल्या चिपला दोन-चार व्होल्टचीच सवय. तिथे आकडा चुकला किंवा पंप मध्येच बंद पडला, तर भोगणार रुग्ण. म्हणून उपकरण बाजारात येण्याआधी त्याला मुद्दाम असे चटके देऊन पाहतात.

हे काम ईएसडी गन, म्हणजे स्थिर विजेचा चटका देणारं पिस्तुलासारखं यंत्र करतं. आयईसी 61000-4-2 या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे तिच्यात चार्ज साठवणारा 150 पिकोफॅरडचा कपॅसिटर आणि प्रवाह अडवणारा 330 ओहमचा रेझिस्टर असतो. हातात किल्ली धरलेल्या माणसाचीच ही नक्कल. गन 8,000 व्होल्टला चार्ज केली तरी आत साठलेली ऊर्जा जेमतेम 4.8 मिलिज्यूल. घातक असतो तो वेग. 0.8 नॅनोसेकंदात प्रवाह 30 अँपिअरवर चढतो. तेवढ्या वेळात प्रकाशसुद्धा वीतभरच अंतर कापतो! हा पहिला सुळका हाताचा आणि किल्लीचा. त्यामागून शरीरातला चार्ज सावकाश येतो, आणि 60 नॅनोसेकंदांनी प्रवाह 8 अँपिअरवर उतरलेला असतो. चिप गोंधळते ती बहुतेकदा त्या सुळक्याने.

खरी अडचण अशी, की हवेतून उडणारी ठिणगी दरवेळी वेगळी असते. बोट झपकन नेलं की सावकाश, हवा दमट की कोरडी, एवढ्यावर तिचा आकार बदलतो. मग सकाळी पास झालेलं उपकरण दुपारी नापास होतं. म्हणून जिथे धातू उघडा आहे तिथे गनचं अणकुचीदार टोक आधी टेकवतात आणि ठिणगी गनच्या आतल्या रिलेमध्ये, म्हणजे विजेवर चालणाऱ्या स्विचमध्ये पाडतात. प्लास्टिकवर हे जमत नाही. तिथे गोल टोक लावून हवेतूनच चटका द्यावा लागतो, 15,000 व्होल्टपर्यंत.

इथे एक गोष्ट नवख्यांना हमखास चकवते. 15,000 व्होल्ट सोसलेलं उपकरण 4,000 व्होल्टला अडखळू शकतं. कमी व्होल्टेजची ठिणगी लहान फटीतून उडते आणि तिचा सुळका अधिक वेगाने चढतो. म्हणून व्होल्टेज पायरीपायरीने वाढवताना खालची एकही पायरी गाळू नये, असं माझं ठाम मत आहे. घाईत नेमक्या त्याच गाळल्या जातात.

बॅटरीवर चालणाऱ्या उपकरणाचं आणखी वेगळं. त्याला अर्थिंग नाही, त्यामुळे पहिल्या ठिणगीचा चार्ज अंगावर तसाच राहतो. पुढची ठिणगी मग नीट पडतच नाही आणि उपकरण फुकटचं पास होतं. त्यासाठी दोन ठिणग्यांच्या मध्ये, मोठे रेझिस्टर जोडलेला कार्बन फायबरचा ब्रश उपकरणावरून फिरवतात. चार्ज हळूच जमिनीत उतरला की गन पुन्हा टेकवायची. एका जागी निदान 10 वेळा, मध्ये सेकंदाची उसंत देऊन, आणि नजर सतत स्क्रीनवरच्या आकड्यावर.