ई-ऑफिस म्हणजे वर्क फ्रॉम होम नाही हो काका

आमच्या कळव्याच्या सोसायटीतले तळमजल्यावरचे काका दर सोमवारी जिन्यात गाठतात, "तुमचं आता ई-ऑफिस झालं ना, मग रोज बेलापूरला कशाला धावता?" मला ठाण्याहून पनवेल गाडी गाठायची असते म्हणून मी हसून सटकतो, पण हा घोळ एकट्या काकांचा नाही, आमच्यातले काही साहेबपण तोच घालतात.

ई-ऑफिस म्हणजे नस्ती, म्हणजे सरकारी फाईल, कागदावरून कॉम्प्युटरवर गेली, बास. एनआयसीने, म्हणजे केंद्र सरकारच्या कॉम्प्युटरवाल्या संस्थेने, बनवलेली सिस्टीम आहे, टपाल आलं की स्कॅन करायचं, नंबर पडतो, हिरव्या पानावर टिपणी टाकायची आणि वर पाठवायची, एकदा पाठवली की खाडाखोड नाही. आणि मी कुठल्या खुर्चीत बसून ती टिपणी टाकतो, ऑफिसात की घरी सोफ्यावर, तो झाला वर्क फ्रॉम होमचा प्रश्न, त्याला वेगळी परवानगी लागते, बाहेरून आत शिरायला व्हीपीएन, म्हणजे ऑफिसच्या नेटवर्कला जोडणारी सुरक्षित लाईन, लागतं. मे 2020 मध्ये केंद्राच्या कार्मिक विभागाने लॉकडाऊननंतरही वर्षातून 15 दिवस घरून काम देता येईल असा मसुदा काढला होता, त्यातसुद्धा गोपनीय फाईल घरून ई-ऑफिसवर उघडायची नाही असं स्पष्ट होतं. म्हणजे सिस्टीम तीच, पण घरून तिचे सगळे दरवाजे उघडत नाहीत.

आता खरी गंमत सांगतो. मागच्या पावसाळ्यात एका शुक्रवारी रुळांवर पाणी, वरून निरोप आला की आज घरूनच बघा. लॅपटॉप मुलीचा, तो तिच्या क्लासमधून सोडवून घेतला, व्हीपीएन दर दहा मिनिटांनी पडायचं, त्यात आई म्हणते घरीच आहेस तर दळण टाकून ये. घरी दिसलो म्हणजे रजा, हे तिच्या डोक्यातून जात नाही, आणि ऑफिसला वाटतं घरी आहे म्हणजे रात्री नऊलाही फोन केला तरी चालतो. त्यापेक्षा किरकोळ रजा बरी, वर्षाला 8 मिळतात पण निदान तिला रजा तरी म्हणतात.

तर त्या शुक्रवारी माझ्याकडे असलेली फाईल होती जुन्या जमिनीच्या प्रकरणाची. स्कॅन करणाऱ्याने पुढचीच बाजू स्कॅन केलेली, आणि जुन्या कागदांवर खरा शेरा बऱ्याचदा मागे पेन्सिलने मारलेला असतो. ऑफिसजवळ राहणारा आमचा शिपाई तेवढा पोचला होता, त्याला फोन केला, त्याने रेकॉर्ड रूममधून गठ्ठा काढला, लाल फीत सोडली आणि व्हॉट्सॅपवर फोटो पाठवला. पुढच्याच बाजूचा, तोही अर्ध्यावर त्याचा अंगठा. परत फोन करेपर्यंत त्याची रेंज गेली. बरं, माझी टिपणी वेळेत गेली असती तरी पुढे काय, साहेबांच्या डिजिटल सहीचा डोंगल, म्हणजे सही करायला कॉम्प्युटरला लावायचा पेनड्राइव्हसारखा तुकडा, त्यांच्या ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये आणि साहेब डोंबिवलीत अडकलेले.

आणि इथेच दोन्हींची सरमिसळ आपल्याला महागात पडते. बदल्या आणि दफ्तर दिरंगाईचा राज्याचा 2005 चा कायदा सांगतो की एका माणसाकडे फाईल कामकाजाच्या 7 दिवसांपेक्षा जास्त राहता कामा नये, आणि ती कोणाकडे कधीपासून आहे हे ई-ऑफिस बरोब्बर दाखवतं. त्या माणसाचं व्हीपीएन पडलं होतं, कागदाची मागची बाजू स्कॅनच नव्हती, हे दाखवायला त्यात कॉलमच नाही. स्क्रीनवर फक्त माझं नाव आणि दिवसांचा आकडा, तो दिवस माझा सहावा होता.

नशीब पाच दिवसांचा आठवडा आहे, शनिवार-रविवार कामकाजात धरत नाहीत. सोमवारी पहाटेची गाडी पकडून गेलो, काका झोपले होते तेवढं बरं, गठ्ठा सोडला आणि कागद उलटून बघितला. मागे काहीच नव्हतं, कोरा.