काच रात्रभर भट्टीत का ठेवतो?
(आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

“जॉइंटच तर मारायचाय, दहा मिनिटांचं काम. मी थांबतो, लगेच द्या.” बडोद्याच्या मकरपुऱ्यात प्रयोगशाळेची काचेची भांडी बनवायचं आणि दुरुस्त करायचं आमचं वर्कशॉप आहे. जॉइंट मारणं म्हणजे काच ज्योतीवर तापवून जोडणं. तिथे हे वाक्य रोज कुणी ना कुणी म्हणतंच. काम खरंच दहा मिनिटांचं असतं. तरी वस्तू आम्ही दुसऱ्या दिवशीच देतो. त्याचं कारण काउंटरवर उभ्या उभ्या नीट सांगून होत नाही, म्हणून हे पत्रक. सांगताना घरचा इतिहास येईल, कारण ही शिस्त घरातूनच आली आहे.

आमचे पणजोबा मावळातले. तळेगाव दाभाड्याला १९०८ मध्ये पैसा फंडाचा काच कारखाना निघाला. अंताजी दामोदर काळे यांनी लोकांकडून एकेक पैसा जमवण्याची कल्पना काढली, लोकमान्य टिळकांनी ती उचलून धरली, आणि जपान-अमेरिकेत शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय यांनी कारखाना उभा केला. तिथे माल निघायचाच, पण काच शिकवलीही जायची. तिथून शिकलेले कारागीर पुढे देशभर पांगले. पणजोबा पोरसवदा वयात तिथे लागले आणि फुंकणीवर हात बसला. वाळू, सोडा आणि चुना वितळवून केलेल्या रसात लोखंडी फुंकणीचं टोक बुडवायचं, गोळा उचलायचा, फिरवत फिरवत फुंकायचा. फिरवणं थांबलं की गोळा एका बाजूला ओघळतो. फुंकलेला माल निववायच्या, म्हणजे हळूहळू थंड करायच्या, भट्टीतून सुखरूप बाहेर आल्याशिवाय पणजोबा तो मोजतच नसत. हीच सवय आजोबांना लागली.

आजोबा बडोद्याला आले ते रसायनशास्त्रामुळे. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन ही तंत्रशिक्षणाची संस्था काढली, त्याचे पहिले प्रमुख त्रिभुवनदास गज्जर. याच गज्जरांनी कोटिभास्कर आणि भाईलाल अमीन यांच्याबरोबर १९०७ मध्ये अलेंबिक या रसायनं-औषधांच्या कारखान्याचा पाया घातला. अलेंबिक म्हणजे ऊर्ध्वपातनाचं जुनं भांडं, आपल्याकडचा भभका. ज्या गावात कारखान्याला भांड्याचं नाव देतात तिथे आपल्याला काम मिळणार, असं आजोबा सांगत. १९४९ मध्ये विद्यापीठ स्थापन झालं आणि काम वाढत गेलं. दांडिया बाजारातल्या एका वाड्याच्या पडवीत त्यांनी टेबल मांडलं. पायाने भाता हलवायचा, गॅसच्या ज्योतीत हवा सोडायची आणि काचेची नळी मऊ करून चंबू, परीक्षानळ्या, वायू तयार करायचं किपचं उपकरण असं बनवायचं. नळ्या माडीवर, जाडीप्रमाणे लावलेल्या. आजी त्यांवर कुणाला हात लावू देत नसे.

इथे तळेगावच्या आणि आमच्या कामातला फरक सांगायला हवा, कारण बरेच जण हंड्या-झुंबरांसाठी विचारतात. वितळलेल्या काचेचं कुंड आमच्याकडे नाही. आम्ही तयार नळी घेतो आणि ज्योतीवर तिला आकार देतो. जुन्या वाड्यातली हंडी फुटली असेल तर तशीच दुसरी आम्हाला जमणार नाही. मनापासून वाईट वाटतं, पण खोटी आशा लावत नाही.

आजोबांच्या काळात काम बदललं ते उष्णता सोसणाऱ्या बोरोसिलिकेट काचेमुळे. १९६२ मध्ये बोरोसिल या काच कंपनीची स्थापना झाली आणि पुढे ही काच देशातच मिळू लागली. हिच्यात सुमारे ८० टक्के सिलिका आणि १३ टक्क्यांच्या आसपास बोरॉन ऑक्साइड. एक अंश तापमान वाढलं की ही काच कोटी भागांमागे ३३ भाग फुगते, साधी सोडा काच ९० च्या आसपास. म्हणून तापवलेला चंबू पटकन तडकत नाही. पण भात्याच्या ज्योतीला ती दाद देईना. आजोबांनी तासभर भाता मारला, नळी जेमतेम वाकली. शेवटी उसने पैसे काढून ऑक्सिजनचं सिलिंडर आणलं. १९६५ मध्ये बडोद्याजवळ कोयलीची तेल रिफायनरी सुरू झाली, खतं आणि पेट्रोकेमिकलचे कारखाने आले. प्रयोगशाळांची मागणी वाढली, वाडा अपुरा पडला आणि बाबांनी टेबल मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत (जीआयडीसीत) हलवलं.

आता रात्रीच्या भट्टीबद्दल. जॉइंट मारताना ज्योतीतला भाग हजार अंशांच्या वर तापलेला असतो आणि त्याच्या शेजारचा भाग हाताने धरलेला असतो. बाहेर काढल्यावर पातळ भाग आधी आकसतो, जाड भाग मागून. आधी घट्ट झालेला भाग मागच्याला मोकळेपणाने आकसू देत नाही आणि ओढाताण काचेतच अडकून राहते. डोळ्यांना काही दिसत नाही, टिचकी मारली तर आवाजही चांगला येतो. म्हणून आम्ही सगळा माल संध्याकाळी भट्टीत लावतो, ५६० अंशांच्या आसपास नेतो, तिथे थोडा वेळ धरून ठेवतो आणि मग हळूहळू उतरवतो. त्या तापमानाला काच आकार सोडत नाही, पण आतला ताण सोडते. जाड भांड्याला जास्त वेळ लागतो.

एकदाच आम्ही हा नियम मोडला. ओळखीतले एक गृहस्थ संध्याकाळी आले, रात्रीच्या गाडीने जायचं होतं, दुरुस्त केलेला कंडेन्सर, म्हणजे वाफ थंड करून द्रव करायची काचेची नळी, हवाच होता. बाबांनी नुसता ज्योतीवर शेकून, कापसात गुंडाळून दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन: कपाटात ठेवलेला, कुणी हातही लावला नव्हता, आणि आतल्या नळीच्या जोडाला गोल तडा. चूक आमचीच होती. बाबांनी नवा करून दिला, पैसे घेतले नाहीत. त्यानंतर “आजच्या आज” पुन्हा कुणालाही दिलं नाही.

हे प्रत्यक्ष पाहायचं असेल तर काउंटरच्या डाव्या हाताला पोलॅरिस्कोप, म्हणजे काचेतला ताण दाखवणारं उपकरण, ठेवला आहे. दोन पट्ट्यांमध्ये भांडं धरा. भट्टीतून आलेलं भांडं गडद, शांत दिसतं. न निववलेल्या जोडाभोवती मात्र पांढरा उजेड फुटतो, ताण फार असेल तर रंगही दिसतात. माल देताना प्रत्येक वस्तू आम्ही इथे धरून दाखवतो. दाखवली नाही तर दाखवायला सांगा.

दुरुस्तीला भांडं आणताना ते धुऊन, पूर्ण वाळवून आणा. आत सॉल्व्हंट (विद्रावक द्रव) किंवा पाऱ्याचा अंश राहिला असेल तर ते आमच्या माणसाच्या फुप्फुसात जातं. तो त्या भांड्यात तोंडाने फुंकणार आहे. आत काय होतं ते चिठ्ठीवर लिहा. आणि भांडं कुठल्या काचेचं आहे याची खात्री नसेल तर आम्ही ग्लिसरीन लावून बघतो. बोरोसिलिकेटचा तुकडा ग्लिसरीनमध्ये बुडवला की जवळजवळ दिसेनासा होतो, दोघांचा प्रकाश वाकवण्याचा गुण सारखाच. साधी काच तशीच दिसत राहते. या दोन काचा एकमेकींना जोडता येत नाहीत, थंड होताना जोड सुटतोच. सोबत आलेली शाळकरी मुलं हा प्रयोग पुन्हा पुन्हा करायला लावतात, आणि आम्हालाही त्याचा कंटाळा येत नाही.

ब्युरेट, पिपेट आमच्याकडे मागू नका. त्यांवरच्या मापाची हमी असलेला कंपनीचाच माल घ्या. आम्ही करतो ते कंडेन्सर, सॉक्सलेट (पदार्थातला अर्क काढायचं उपकरण), व्हॅक्यूम लाइन (निर्वातासाठी नळ्यांची मांडणी), बी-१९, बी-२४ अशा ठरावीक मापाच्या जॉइंटची भांडी, आणि तुमच्या रेखाटनावरून बनवायची वेगळी वस्तू. रेखाटन पेन्सिलीने काढलेलं चालेल, पण मापं मिलिमीटरमध्ये लिहा आणि भांडं तापणार आहे की निर्वातात वापरायचं आहे ते सांगा, त्यावर काचेची जाडी ठरते.

भट्टी सकाळी साडेनऊला उघडते. त्याआधी आलात तर चहा मिळेल, भांडं मिळणार नाही. पावती बरोबर असू द्या.