एका बस्त्यावर किती दुकानं जगतात?

लग्न ठरलं की गारगोटी-गडहिंग्लजकडची मंडळी बस्ता बांधायला कोल्हापूर गाठतात. महाद्वार रोडवर साड्या, गुजरीत मंगळसूत्र, भवानी मंडपाजवळच्या चप्पल लाइनमध्ये नवरदेवाचं पायताण, मधेच अंबाबाईचं दर्शन आणि परतताना खासबागेजवळ भेळ. घरातून निघताना डोक्यात असतात त्या साड्या. बाकीची दुकानं त्याच फेरीवर जगतात. उद्या त्या साड्या गावात बसून मोबाईलवर घेतल्या, तर नुकसान एकट्या साडीवाल्याचं होत नाही.

खरेदीला माणसं कुठे जातात याचं एक सूत्र अमेरिकेतल्या विल्यम रायली यांनी 1931 मध्ये मांडलं. ते गुरुत्वाकर्षणाच्या नियमासारखंच आहे: शहराची ओढ लोकसंख्येच्या प्रमाणात वाढते आणि अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. 2011 च्या जनगणनेत कोल्हापूर शहराची लोकसंख्या सुमारे साडेपाच लाख होती, इचलकरंजीची 2 लाख 87 हजार. दोघांत 30 किलोमीटर अंतर धरलं, तर कोल्हापूरपासून साधारण साडेसतरा किलोमीटरवर दोन्ही शहरांची ओढ सारखी होते. हा ठोकताळा आहे. भाजी-दुधासाठी कोणी इतकं लांब जात नाही. चार ठिकाणी बघून घ्यायच्या वस्तूंना तो लागू पडतो. गुजरीत सराफ एकमेकांना खेटून बसतात ते याचमुळे. शेजारचा सराफ गिऱ्हाईक पळवतो खरा, पण इतके सराफ एका जागी आहेत म्हणूनच गिऱ्हाईक त्या गल्लीत शिरतं.

मोबाईलवरच्या दुकानाने या सूत्रातलं अंतरच काढून टाकलं. अंतर शून्याकडे गेलं की ओढ अफाट वाढते.

बाजार सरकणं कोल्हापूरला नवं नाही. 1891 मध्ये मिरजेहून रेल्वे आली आणि 1895 मध्ये शाहू महाराजांनी स्टेशनजवळ शाहूपुरी ही व्यापारी पेठ वसवली. पण तेव्हा एका पेठेला दुसऱ्या पेठेची जोड मिळाली. आज फेरीच मोडते आहे, आणि मला हे जास्त काळजीचं वाटतं.

ज्या दुकानाच्या गर्दीवर बाकीची जगतात, ते टिकवायचं कसं? मॉलने हे कोडं फार पूर्वी सोडवलं. पीटर पॅशिजियान आणि एरिक गूल्ड यांनी 1998 मध्ये अमेरिकी मॉलमधल्या भाड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. गर्दी खेचणाऱ्या मोठ्या दुकानांना तिथे दर चौरस फुटाला खूप कमी भाडं पडतं. मालकाचा तोटा होत नाही, कारण त्या गर्दीवर चालणारी लहान दुकानं जास्त भाडं देतात आणि ते त्याच्याच खिशात जातं. महाद्वार रोडला असा एक मालक नाही. गर्दी आणणारं जुनं दुकान परवडेना म्हणून बंद झालं, तर त्याला सवलत द्यायचं काम कोणाचंच नसतं. झळ मात्र अख्ख्या ओळीला बसते.

यात सगळ्यात आधी भरडला जातो तो कासार. त्याचं काम पार्सलने पाठवता येत नाही. तो नवरीचा हात हातात घेतो, अंगठ्याच्या बुडाशी दाबून हाड किती वळतंय ते पाहतो, ‘सैल सोड बाळ’ म्हणतो आणि हिरवा चुडा एकेक करून मनगटावर चढवतो. त्याचं कसब कोणत्याही ॲपला जमणार नाही. तरीही तो अडचणीत येतो, कारण निव्वळ बांगड्या भरायला गारगोटीहून कोल्हापूरला कोणी निघत नाही.

उपाय म्हटला की पहिली मागणी होते पार्किंगची. मागणी रास्त आहे, पण आधी मोजायला हवं. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात 2006 मध्ये दुकानदारांना विचारलं, तेव्हा त्यांच्या अंदाजाने 41 टक्के गिऱ्हाईक मोटारीने येत होतं. प्रत्यक्षात ते 22 टक्केच निघालं. बाकीचे बहुतेक चालत, बसने किंवा सायकलने आले होते.

कोल्हापुरात दुचाकींमुळे आकडे वेगळे येतील, पण मोजणी अवघड नाही. कॉलेजच्या मुलांनी बिंदू चौक, पापाची तिकटी आणि महाद्वारापाशी उभं राहून पिशवीवाल्यांना तीन प्रश्न विचारावेत: कशाने आलात, काय घ्यायला निघाला होतात, एकूण किती दुकानांत गेलात? सुट्टीच्या दिवसांची मोजणी वेगळी ठेवावी, कारण दर्शन घेऊन थेट गाडीकडे जाणारी गर्दी भांडेवाल्याच्या उपयोगाची नाही. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर दरवर्षी नोंदवत गेलं, तर कोणतं दुकान हललं की किती दुकानांचा धंदा बसतो, हे रस्ता रुंद करण्याआधी महापालिकेच्या हातात असेल.