पार्श्वभूमी : झोजिला आणि ऐन मार्चमधली घाई

श्रीनगर-लेह रस्त्यावरचा झोजिला घाट ३,५२८ मीटर उंचीवर आहे. १९४८ च्या नोव्हेंबरात इथे रणगाडे चढवले गेले, तेव्हापासून त्याचं लष्करी मोल वेगळं सांगावं लागत नाही. हिमस्खलनाचा पद्धतशीर अभ्यास मात्र १९६९ मध्ये मनालीत संशोधन संस्था उभी राहिल्यावर सुरू झाला. दहाच वर्षांनी, १९७९ च्या मार्चमध्ये, हिमाचलमधल्या लाहौलमध्ये कोसळलेल्या हिमकड्यांनी दोनशेच्या आसपास बळी घेतले.

पूर्वी झोजिला नोव्हेंबर-डिसेंबरात मिटायचा आणि एप्रिल-मे उजाडल्यावर उघडायचा. गेल्या काही वर्षांत हे चित्र पालटलं. घाट २०२१ मध्ये ११० दिवस बंद होता, २०२२ मध्ये ७३, २०२३ मध्ये ६८, २०२४ मध्ये ३५ आणि २०२५ मध्ये अवघे ३२ दिवस. दरवर्षी हा आकडा विक्रम म्हणून जाहीर होतो. यंत्रं वाढली, माणसं जिवावर उदार होऊन राबली, हे खरंच. पण अलीकडचे काही हिवाळे कोरडे गेले, हा भाग त्या जाहीर पत्रकांत सहसा नसतो.

घाट इतक्या लवकर उघडावा का, या वादात मुद्दा आकड्यापेक्षा तारखांचा आहे. २०२५ मध्ये घाट २७ फेब्रुवारीला बंद झाला आणि १ एप्रिलला उघडला. म्हणजे वाहतूक पुन्हा सुरू झाली ती नेमकी ऊन तापू लागल्यावर. दुपारच्या उन्हानं वरचा थर वितळतो, पाणी आत झिरपतं, कणांची एकमेकांवरची पकड सुटते आणि ओला बर्फ घळीतून खाली येतो. कोरड्या बर्फाच्या लोटापेक्षा त्याचा वेग कमी, वजन मात्र कितीतरी जास्त, आणि थांबल्यावर तो सिमेंटसारखा आवळतो. म्हणून गाड्या सकाळी लवकर आणि एकेरी सोडायच्या, हा डोंगरातला जुना शहाणपणा. तो रात्रीच्या गोठणाऱ्या थंडीवर उभा आहे. आभाळ भरून रात्र उबदार गेली, तर पहाटही भरवशाची राहत नाही.

लडाखच्या बाजूनं पाहिलं तर घाई समजते. भाजीपाला, इंधन, रुग्ण, सैन्याची रसद, सगळं या वाटेवर अवलंबून, आणि हिवाळ्यातलं विमानाचं तिकीट सामान्य माणसाला झेपत नाही. पण एकदा फाटक उघडलं की फक्त गरजवंत थांबत नाहीत, पर्यटकही येतात. शाळांना सुट्टी लागली की आपल्याकडच्याही कितीतरी गाड्या या वाटेला लागतात. सिक्कीममध्ये नथुलाच्या रस्त्यावर ४ एप्रिल २०२३ रोजी भरदुपारी सात पर्यटक बर्फाखाली दगावले. परवाना तेराव्या मैलापर्यंतचा होता, दुर्घटना पंधराव्या मैलाजवळ घडली. उत्तराखंडमधल्या माणा इथे २८ फेब्रुवारी २०२५ रोजी ५४ कामगार बर्फाखाली सापडले, त्यातले आठ दगावले. ते रस्त्याच्याच कामावर होते. रस्ता लवकर उघडायचा हट्ट आधी कुणाच्या अंगावर येतो, हे तिथे दिसलं.

उपाय म्हणून घाटाखालून सुमारे १४ किलोमीटरचा बोगदा खोदला जातोय आणि सोनमर्ग-बालटाल पट्ट्यात रस्त्यावर छतासारखे हिमरोधक सज्जे बांधले जात आहेत. बोगदा लडाखच्या बाजूला मिनामर्गला संपतो. तिथून द्रासपर्यंतचा रस्ता उघड्यावरच आहे.