दस्ता लाकडी असो की काळा, काडतूस तेच

१ ऑगस्ट २०२४ रोजी स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये ४५१.४ गुण मिळवून कांस्यपदक जिंकलं. तेव्हापासून ठाण्यात नेमबाजीचा विषय निघाला की मोठी माणसं विचारतात, त्याच्या हातातली रायफल अशी विचित्र का दिसत होती? जुन्या शिकाऱ्याच्या बंदुकीसारखी नाही, सैनिकाच्या बंदुकीसारखीही नाही. मुलांचा प्रश्न वेगळा असतो. मोबाइल गेममधली ती काळी, चौकोनी, खाचाखाचांची रायफल आणि एनसीसीत दादाने चालवलेली लाकडी दस्त्याची रायफल, या दोघींत जास्त ताकदीची कुठली?

मुलांचा प्रश्न मला जास्त आवडतो, कारण त्याचं खरं उत्तर ऐकून बहुतेकांना धक्का बसतो. लाकडी दस्त्याच्या साध्या रायफलीत जे पॉइंट टू-टूचं (०.२२ इंची) काडतूस जातं, तेच सैनिकी थाटाच्या काळ्या पॉइंट टू-टू रायफलीतही जातं. गोळी तीच आणि तिचा वेगही जवळपास तोच. रायफल काळी झाली म्हणून गोळीला एका ज्यूलचीही जास्त ऊर्जा मिळत नाही.

हे काडतूस आहे पॉइंट टू-टू लाँग रायफल. अमेरिकेतल्या स्टीव्हन्स कंपनीने ते १८८७ मध्ये आणलं आणि आज सव्वाशेहून अधिक वर्षांनीही जगभर तेच चालतं. त्याच्या पितळी टोपणाच्या तळाला एक पोकळ कडा असते आणि ठिणगी देणारं रसायन त्या कडेच्या आत गोल भरलेलं असतं. चाप ओढला की फायरिंग पिन तळाच्या मधोमध न बसता या कडेवर बसते. कडा चेपते, रसायन पेटतं, त्याच्या ज्वाळेने आतली दारू पेटते. कडेवर ठोका म्हणून रिमफायर. मोठ्या रायफलींच्या काडतुसात हे रसायन तळाच्या मध्यभागी एका वेगळ्या छोट्या टोपीत असतं, ती काडतुसं सेंटरफायर.

या रचनेतच रिमफायरची मर्यादा आहे. पिनेच्या ठोक्याने चेपायची तर कडा पातळ हवी, आणि पातळ पितळ फार दाब सोसू शकत नाही. म्हणून पॉइंट टू-टूमधला दाब १६५ मेगापास्कलच्या आसपास रोखलेला असतो, म्हणजे आपल्या भोवतालच्या हवेच्या दाबाच्या सुमारे १६०० पट. सैन्याच्या ५.५६ मिलिमीटर काडतुसात हा आकडा ४००० पटींच्या आसपास जातो.

आता गंमत पाहा. दोन्ही गोळ्यांचा व्यास जवळजवळ सारखाच, सुमारे ५.७ मिलिमीटर. नळीच्या तोंडाकडे बघून कुठली कशाची हे सांगता येणार नाही. पण पॉइंट टू-टूची शिशाची गोळी २.६ ग्रॅमची आणि सेकंदाला साधारण ३३० मीटर वेगाची, म्हणजे १४० ज्यूल. ५.५६ ची तांब्याच्या आवरणातली टोकदार गोळी ४ ग्रॅमची आणि सेकंदाला सुमारे ९४० मीटर वेगाची, म्हणजे साडेसतराशे ज्यूलच्या पुढे. वजनातला फरक दीडपट, ऊर्जेतला बारापट, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. रायफलची ताकद जोखायची तर दस्त्याच्या रंगाआधी हा हिशोब मांडावा.

मग सैनिकी रायफल तशी का दिसते? तिच्या प्रत्येक कोपऱ्याला कारण आहे, आणि ते कारण बहुतेक वेळा धक्का हे आहे. जुन्या शिकारी रायफलीचा दस्ता नळीच्या रेषेखाली वाकलेला असतो. गाल टेकवून उघड्या माशीतून (नळीवरच्या नेम धरायच्या खुणेतून) नेम धरायला तो सोयीचा. पण धक्का येतो नळीच्या रेषेत आणि खांदा असतो त्या रेषेच्या खाली, त्यामुळे प्रत्येक बाराला नळीचं तोंड वर उचकतं. लागोपाठ गोळ्या झाडताना हे परवडत नाही. १९५० च्या दशकात यूजीन स्टोनर या अमेरिकी अभियंत्याने एआर-१५ ही रायफल आखताना दस्ता थेट नळीच्या मागे, सरळ रेषेत ठेवला. दस्ता वर आल्यावर डोळाही वर गेला, म्हणून माशी उंच केली. सरळ दस्त्याला हाताने धरायला जागा उरली नाही, म्हणून खाली पिस्तुलासारखी मूठ आली. एक निर्णय घेतला आणि बाकीचं रूप त्यामागून आलं.

हेच रूप पॉइंट टू-टूवर चढवलं की त्यातलं मूळ कारण जवळजवळ उरत नाही. ढोबळ हिशोब करू. तीन किलोची पॉइंट टू-टू रायफल बार उडाल्यावर सेकंदाला जेमतेम ३० सेंटिमीटर वेगाने मागे येते. साडेतीन किलोची ५.५६ ची रायफल दीड मीटरहून जास्त वेगाने येते. खांद्यावर पोचणाऱ्या धक्क्याच्या ऊर्जेत तीसपटीहून अधिक फरक. जिथे मुळात धक्काच नाही, तिथे धक्का आवरणारा सांगाडा हे बहुतांशी उसनं रूप आहे.

बहुतांशी म्हटलं, कारण त्यातली एक गोष्ट खरोखर उपयोगाची आहे. खालीवर आणि मागेपुढे सरकणारा दस्ता. बारा वर्षांच्या मुलीच्या हाताची लांबी आणि सहा फुटी माणसाच्या हाताची लांबी एक नसते. एकाच मापाच्या लाकडी दस्त्यावर शिकलेली कितीतरी मुलं मान वाकडी करून नेम धरायला शिकतात, आणि ती सवय पुढे सुटता सुटत नाही. स्वप्नीलच्या हातातल्या रायफलीचं विचित्र रूप हे याच गरजेचं टोक आहे. गालाची पट्टी, मागचा हुक, हाताचा आधार, सगळं मिलिमीटरने हलवता येतं. त्या रायफलीने सैन्याची नक्कल केलेली नाही. ती एका शरीराच्या मापाने बेतलेली आहे.

आणि सैनिकी थाटाची पॉइंट टू-टू ही आजची टूमही नाही. ब्रिटिशांनी आपल्या ली-एनफिल्ड या सैनिकी रायफलीच्या पॉइंट टू-टू आवृत्त्या काढल्या होत्या, अमेरिकी सैन्याने स्प्रिंगफील्डची १९२२ मॉडेल ही रिमफायर रायफल बनवली. गोळी स्वस्त, आवाज कमी, रेंज छोटी पुरते, आणि जवानाच्या हाताला आकार मात्र खऱ्या रायफलीचा. आपल्याकडे एनसीसीची मुलं आजही पॉइंट टू-टूवरच पहिला नेम धरतात. तेव्हाची सैनिकी रायफलच लाकडी होती, म्हणून तिची पॉइंट टू-टू धाकटी बहीणही आपल्याला आज 'पारंपरिक' वाटते.

खरा फरक आत आहे. तो दस्त्यात दिसत नाही, बोल्टमध्ये, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणाऱ्या दांड्यात दिसतो. लाकडी दस्त्याच्या बहुतेक नेमबाजी रायफली बोल्ट अ‍ॅक्शनच्या. प्रत्येक गोळीमागे हाताने बोल्ट उचलायचा, मागे ओढायचा, पुढे ढकलून बंद करायचा. बंद झालेला बोल्ट कुलपासारखा घट्ट बसतो. स्मिथ अँड वेसनने २००९ मध्ये आणलेल्या एम अँड पी १५-२२ सारख्या काळ्या रायफली सेमी-ऑटो आहेत. चाप एकदा ओढला की एक गोळी, आणि पुढची आपोआप नळीत. तिथे बोल्टला कुलूप नसतंच. त्याचं वजन आणि मागची स्प्रिंग एवढंच त्याला थोपवून धरतं. रिकामं टोपण मागे रेटलं जातं, तेच बोल्टला ढकलतं आणि स्प्रिंग त्याला परत आणते. याला ब्लोबॅक म्हणतात. खऱ्या एआर-१५ मध्ये नळीतला वायू मागे आणून बोल्ट फिरवून उघडण्याची गुंतागुंतीची व्यवस्था असते, कारण तिथला दाब नुसत्या वजनाने थोपवता येत नाही. म्हणजे बाहेरून हुबेहूब जुळी दिसणारी ही दोन यंत्रं आतून वेगळ्या तत्त्वांवर चालतात.

अचूकतेचं गणितही इथेच ठरतं. आपोआप गोळी भरायची तर काडतूस न अडकता आत सरकलं पाहिजे, म्हणून चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती नळीच्या मागची जागा, किंचित सैल ठेवावं लागतं. काळी नसलेली, लाकडी दस्त्याची सेमी-ऑटो रायफलही यातून सुटत नाही. १९६४ पासून निघणारी रुगर १०/२२ याचं उत्तम उदाहरण आहे. दिसायला ती शिकाऱ्याची, चालायला मात्र एम अँड पीसारखीच ब्लोबॅक. उलट स्पर्धेच्या बोल्ट अ‍ॅक्शनमध्ये चेंबर इतकं नेमकं असतं की काडतूस बसतानाच गोळीचं नाक नळीच्या पेचदार खोबणीला भिडतं. गोळी सुरुवातीपासून सरळ बसलेली, त्यामुळे ती सरळ निघते. नळीतले आटे दर ४० सेंटिमीटरला एक फेरा देतात, म्हणून बाहेर पडताना गोळी सेकंदाला आठशेहून जास्त गिरक्या घेत असते. आत शिरताना जराशी कललेली गोळी इतक्या वेगाने फिरू लागली की तो कल कागदावर ठिपक्यांच्या पसाऱ्यात दिसतो.

चापाचंही तसंच. स्पर्धेच्या रायफलीचा चाप शंभर ग्रॅमच्या आसपासच्या दाबाने सुटतो. सैनिकी एम-१६ चा चाप मुद्दाम जड, अडीच किलोहून अधिक, कारण धावताना, पडताना, घाबरलेल्या बोटाने तो चुकून सुटता कामा नये. काळ्या पॉइंट टू-टू रायफली हा जडपणाही बऱ्यापैकी उचलतात, आणि शिकणाऱ्या मुलाचं बोट त्या ओढीत रायफलीलाच हलवतं. म्हणून नेमबाजी शिकवायची तर मी बोल्ट अ‍ॅक्शनच निवडेन. सेमी-ऑटोमध्ये पहिली गोळी चुकली की दुसरी तयार असते, आणि ती झाडायचा मोह आवरणं लहान वयात कठीण जातं.

पण आपल्या किनारपट्टीच्या हवामानात एका मुद्द्यावर काळा सांगाडा लाकडाला सरळ हरवतो. जूनमध्ये ठाण्यातल्या जुन्या घरांची दारं फुगून चौकटीत अडकतात, अक्रोडाच्या दस्त्याचंही तसंच होतं. लाकूड दमट हवेतलं पाणी पितं आणि रेषांना आडवं काही टक्क्यांपर्यंत फुगू शकतं, लांबीत मात्र जवळजवळ वाढत नाही. या असमान फुगण्याने दस्ता पिळतो. तो नळीला एका बाजूने टेकला की बाराच्या वेळी नळीची थरथर बदलते आणि उन्हाळ्यात जुळवलेला नेम पावसाळ्यात सरकतो. यावर उपाय म्हणून नळी दस्त्यापासून सुटी ठेवतात आणि ती जिथे बसते तिथे इपॉक्सीचा थर देतात. अ‍ॅल्युमिनियमला ही अडचण नाही. दहा अंशांच्या फरकाने मीटरभर अ‍ॅल्युमिनियम पाव मिलिमीटरही वाढत नाही. ऑलिंपिकच्या रायफलींनी लाकूड मोठ्या प्रमाणावर सोडलं त्यामागे हेही एक कारण आहे.

हवामानाचा दुसरा धडा आवाजाच्या वेगाचा. ३० अंश तापमानात आवाज सेकंदाला सुमारे ३४९ मीटर धावतो, शून्य अंशात ३३१. स्पर्धेची पॉइंट टू-टू गोळी मुद्दाम याच्या खाली, ३२७ च्या आसपास ठेवतात. जास्त वेगवान गोळी वाऱ्याने कमी ढकलली जाईल असं वाटतं, पण इथे उलट घडतं. आवाजाच्या वेगाजवळ हवेचा विरोध एकदम वाढतो, वेगवान गोळी तिथे वेग झपाट्याने गमावते, आणि वाऱ्याने ढकललं जाणं अवलंबून असतं ते वेग गमावल्याने लागलेल्या या जादा वेळावर. शंभर मीटरवर हाय-व्हेलॉसिटी गोळी संथ गोळीपेक्षा जास्त वाहवते. ५० मीटरवर गोळी नळीच्या रेषेपासून सुमारे १२ सेंटिमीटर खाली येते. ते सोपं, कारण ते दरवेळी सारखंच असतं. दुपारी खाडीवरून येणारा सेकंदाला तीन मीटरचा आडवा वारा मात्र तिला दीड-दोन सेंटिमीटर बाजूला नेतो, आणि ५० मीटर रायफलच्या लक्ष्यावरचं दहाचं वर्तुळ असतं १०.४ मिलिमीटर व्यासाचं.

दोन्ही रायफलींबद्दल एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. पॉइंट टू-टू खेळणं नाही. दहा मीटरच्या एअर रायफलीचा छर्रा साधारण साडेसात ज्यूलचा, ही गोळी १४० ज्यूलची, आणि वर कोनात सुटली तर ती दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. ठाणे स्टेशन ते तलावपाळी हे अंतर त्याहून बरंच कमी आहे. ती जीव घेऊ शकते. दस्ता अक्रोडाचा असला म्हणून तो धोका कमी होत नाही आणि काळा असला म्हणून वाढत नाही. अमेरिकेत १९९४ ते २००४ या काळात लागू असलेल्या कायद्याने पिस्तुलासारखी मूठ, घडीचा दस्ता, संगीन बसवायची जागा अशा बाह्य खुणाही निकषात घेतल्या होत्या. आपला १९५९ चा शस्त्र अधिनियम मुख्यतः यंत्र काय करतं ते पाहतो. चाप दाबून धरला की गोळ्या सुटतच राहतात, अशी शस्त्रं निषिद्ध. बाकीच्या बऱ्याच शस्त्रांसाठी ठाण्यात आणि नवी मुंबईत परवाना पोलीस आयुक्तांकडून. शिकारीचा प्रश्न १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने कधीच मिटवला आहे. ठाण्यालगतच्या येऊरच्या जंगलात आज रायफलीला कसलीही जागा नाही, ते योग्यच आहे.

राहिला अचूकतेचा सर्वात कमी दिसणारा घटक, काडतूस. कडेत भरलेलं रसायन प्रत्येक काडतुसात अगदी सारखं पसरत नाही, त्यामुळे गोळीचा वेग दर बाराला किंचित बदलतो. म्हणून मोठे नेमबाज काडतुसं ब्रँडवर विकत घेत नाहीत, लॉटवर, म्हणजे एका खेपेत बनलेल्या मालावर घेतात. युरोपातल्या काडतूस कारखान्यांत आपली रायफल नेऊन ती शिकंज्यात घट्ट बांधतात आणि वेगवेगळ्या लॉटची काडतुसं ५० मीटरवर झाडून पाहतात. ज्या लॉटचे ठिपके सर्वात जवळ पडतात, त्याचे हजारो राउंड उचलतात. एकाच कारखान्यातल्या, एकाच मॉडेलच्या, एकामागोमाग एक तयार झालेल्या दोन रायफलींना पुष्कळदा वेगवेगळा लॉट मानवतो.