विधवेचा तिसरा हिस्सा: जुन्या अमेरिकी शेतवाटणीची पार्श्वभूमी

अठराव्या शतकातल्या न्यू इंग्लंडच्या, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्येकडच्या वसाहतींतल्या, शेतकऱ्याचं मृत्युपत्र उघडलं की आधी आत्मा देवाच्या हवाली केलेला असतो, आणि त्याच्या पाठोपाठ बायकोला कोणती खोली मिळणार हे येतं. तेही अगदी नेमकं: पश्चिमेकडची खालची खोली, तळघराचा तिसरा भाग, स्वयंपाकघरातून विहिरीवर जायची वाट, पाव भाजायची भट्टी वापरायचा हक्क. यादी इथे थांबत नाही. उन्हाळा-हिवाळा चारापाण्याची सोय असलेली एक गाय, वर्षाला ठरावीक बुशेल मका आणि राय, डुकराचं मांस, लोकर, कातायला जवसाचे तंतू, सायडरची पिंपं, चुलीच्या मापाने तोडून दाराशी आणून टाकलेलं सरपण, रविवारी प्रार्थनेला जायला घोडा. हे सगळं पुरवायचं ज्या मुलाच्या वाट्याला घर आणि शेत आलं त्याने. कुठवर, तर 'ती माझी विधवा राहील तोवर'. दुसरं लग्न केलं की खोली गेली, गाय गेली.

त्या काळच्या वाटणीबद्दल बोलताना बहुतेकांचं लक्ष थोरल्या मुलाकडे जातं. त्याची गोष्ट तुलनेने सरळ आहे. मृत्युपत्र न करता बाप गेला तर व्हर्जिनियाकडच्या दक्षिणी वसाहतींत सगळी जमीन इंग्लंडच्या रिवाजाप्रमाणे थोरल्याला जायची. मॅसॅच्युसेट्सने १६४१ सालीच वेगळी वाट धरली: सगळ्या मुलांना वाटा, थोरल्याला दुप्पट. याचा आधार बायबलच्या जुन्या करारात होता. कनेटिकटमध्ये असाच कायदा होता, पण तिथल्या एका भावाने बहिणीला वाटा नको म्हणून दाद मागितली आणि १७२८ मध्ये लंडनमध्ये तो कायदाच रद्द ठरला. पुढे १७४५ मधल्या दुसऱ्या एका प्रकरणात लंडननेच जुनी वहिवाट चालू राहू दिली. स्वातंत्र्यानंतर व्हर्जिनियाने १७८५ मध्ये थोरल्याची मक्तेदारी काढली, मॅसॅच्युसेट्सने १७८९ मध्ये दुप्पट वाटा काढला. १७८७ मध्ये ओहायो नदीच्या उत्तरेकडच्या नव्या मुलखासाठी जो मूळ कायदा झाला, त्यात सर्व अपत्यांना समान वाटा असं लिहिलेलं आहे. त्याच कलमात विधवेचा तिसरा हिस्साही, म्हणजे एक तृतीयांश वाटा, राखून ठेवलेला आहे.

हे सगळे नियम मृत्युपत्र नसेल तेव्हाचे. मृत्युपत्र असलं तर घर अनेकदा धाकट्याला मिळे, कारण थोरले एव्हाना दूर नवी जमीन फोडायला निघून गेलेले असत आणि म्हाताऱ्यांजवळ धाकटाच उरलेला असे. जमीन इतकी थोडी की तुकडे केले तर कोणालाच पुरणार नाही, अशा वेळी ती अखंड एकाला द्यायची आणि त्याने बाकीच्यांना रोख द्यायचं, अशी तरतूद कायद्यातही होती. मुलींच्या वाट्याला पिसांची गादी, गाय, कथिलाची भांडी, चरखा, आणि भावाने हप्त्याहप्त्याने द्यायची रक्कम. लग्नात दिलेलं आधी वजा व्हायचं. 'तिला तिचा वाटा पोचला आहे' ही ओळ अशा कागदांत वारंवार भेटते, आणि ती वाचताना प्रत्येक वेळी वाटतं की हा हिशेब त्या मुलीला दाखवला तरी होता का?

आता तिसऱ्या हिश्शाकडे येऊ. इंग्रजी कायद्यात याला डॉवर म्हणतात. मराठीत हा शब्द आला की तो हमखास हुंडा म्हणून वाचला जातो, कारण हुंड्याचा इंग्रजी शब्द डाउरी कानाला जवळजवळ तसाच लागतो. दोन्हींची दिशा मात्र उलटी आहे. हुंडा बायकोच्या माहेरून येतो, डॉवर नवऱ्याच्या जमिनीतून निघतो. काही जण त्याला स्त्रीधन म्हणतात, तेही बरोबर नाही. स्त्रीधनावर बाईची मालकी असते, डॉवरमध्ये मालकी नसतेच. तिला मिळतो जमिनीच्या एका तृतीयांशाचा तहहयात उपभोग. ती पीक घेऊ शकते किंवा खंडाने देऊ शकते. कायमची विकू शकत नाही, मुलीच्या नावे करू शकत नाही. ती गेली की तो तुकडा नवऱ्याच्या वारसांकडे परत. आपल्याकडच्या पोटगीदाखल तोडून दिलेल्या जमिनीची आठवण झाली तर ते जास्त जवळचं आहे.

मृत्युपत्राने तिला फारच थोडं दिलं असेल तर ती ते नाकारून कायद्याचा तिसरा हिस्सा मागू शकत असे. मग वारसा न्यायालय गावातल्या तीन जमीनदार पंचांना पाठवी. हे पंच जमीन मोजत, दगड, ओढा आणि ओकचं झाड धरून चतुःसीमा लिहीत, आणि घरात येऊन खोल्यासुद्धा वाटत. जिन्याचा कोणता भाग, कोठाराचा कोणता खण, अंगणातून कुठपर्यंत चालता येईल, सगळं कागदावर. तीस-चाळीस वर्षं जे घर तिने चालवलं, त्यात आता चुलीपर्यंत जायला लेखी परवाना लागायचा. कायद्याने तिला संरक्षण दिलं हे खरंच आहे. ते वावांत आणि फुटांत मोजून दिलं, हेही तितकंच खरं.

या हक्कावर सगळ्यात मोठा घाव १८१८ मध्ये बसला. मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयापुढे प्रश्न आला की नवऱ्याच्या नावे असलेल्या, अजून न फोडलेल्या जंगली जमिनीत विधवेला तिसरा हिस्सा मिळतो का. न्यायालयाने नाही म्हटलं. युक्तिवाद असा: तहहयात उपभोग घेणाऱ्याने जमिनीचं मूळ रूप बदलता कामा नये. झाडं तोडून शेत केलं तर ती नासधूस ठरेल आणि त्यापायी तिचा हक्कच जप्त होईल. झाडं तोडायची नाहीत तर त्या जमिनीतून तिला काहीच मिळणार नाही. मिळणारच नसेल तर हिस्सा देऊन उपयोग काय? शिवाय अशा जमिनी हातोहात विकल्या जात होत्या, आणि प्रत्येक जुन्या मालकाच्या बायकोचा हक्क मागे लटकत राहिला तर व्यवहार अडतील, हेही कारण दिलं गेलं.

माझ्या मते दुसरं कारण हेच खरं कारण आहे. आजचं मेन राज्य त्या वेळी मॅसॅच्युसेट्सचाच भाग होतं आणि तिथल्या अफाट जंगलाची खरेदी-विक्री जोरात होती. पहिलं कारण तर स्वतःभोवतीच फिरतं: झाड तोडणं म्हणजे नासधूस हा नियम इंग्लंडातला, जिथे जंगल थोडं होतं. अमेरिकेत जंगल साफ करणं म्हणजेच शेती सुरू करणं. तो नियम सैल करता आला असता, आणि इतर काही राज्यांनी तसं केलंही. तिथे विधवेला न फोडलेल्या जमिनीतही हिस्सा मिळाला. शेताला जोडून सरपणासाठी वापरात असलेलं रान या निकालाच्या बाहेर आहे, हे पुढे स्पष्ट झालं. तरी शेताच्या बचतीतून घेऊन ठेवलेली दूरची जमीन बाईच्या हिशेबातून गळाली. त्या बचतीतलं लोणी आणि चीज तिच्याच हातचं होतं.

दक्षिणेत हाच तिसरा हिस्सा वेगळ्या अर्थाने भयंकर होता. व्हर्जिनियाने १७०५ मध्ये गुलाम माणसांना वारशापुरतं स्थावर मालमत्ता ठरवलं. म्हणजे विधवेच्या वाट्याला जमिनीच्या जोडीने माणसांचाही तिसरा भाग यायचा, आणि वाटणीत आई एकीकडे, मूल दुसरीकडे जाऊ शकायचं. देशाच्या पहिल्या अध्यक्षांनी १७९९ च्या मृत्युपत्रात आपल्या गुलामांच्या मुक्ततेची सोय केली, पण त्यांच्या शेतावरचे दीडशेहून अधिक लोक त्यात धरता आले नाहीत. ते बायकोच्या पहिल्या नवऱ्याच्या इस्टेटीतून डॉवर म्हणून आले होते आणि पुढे त्या घराण्याच्या वारसांत वाटले गेले.

पुढचे बदल भराभर झाले. विवाहित स्त्रीच्या नावे मालमत्ता राहू देणारा कायदा मिसिसिपीने १८३९ मध्ये केला, न्यूयॉर्कने १८४८ मध्ये. १८६२ च्या कायद्याने सरकारी जमिनीचे १६० एकर मिळू लागले, तेव्हा कुटुंबप्रमुख म्हणून विधवेलाही अर्ज करता आला. इथे तिला उपभोग नव्हे, मालकी मिळत होती. विसाव्या शतकात बहुतेक राज्यांनी डॉवर मोडीत काढून हयात जोडीदाराला, स्त्री असो वा पुरुष, मालमत्तेत पक्का वाटा दिला. खुद्द मॅसॅच्युसेट्सच्या कायद्यातून डॉवर गेला तो मात्र २०१२ मध्ये. केंटकी, आर्कान्सा आणि ओहायोत तो अजून आहे. ओहायोत आज घर एकट्या नवऱ्याच्या नावावर असलं तरी विकताना खरेदीखतावर बायकोची सही लागते, आणि घर बायकोच्या नावावर असेल तर नवऱ्याची. डॉवरचा हक्क सोडला, अशी ओळ त्या सहीसाठी खतात लिहिलेली असते.