स्थानिक वाहिनीचा परवाना: निवड होते कशावरून?

जळगाव किंवा धुळ्यात केबलचा धंदा सुरू करायचा तर जानेवारी २०२५ पर्यंत मुख्य पोस्टात अर्ज भरावा लागे. ५०० रुपये फी आणि दरवर्षी नूतनीकरण. १९९५च्या केबल कायद्यात एका वॉर्डात एकच केबलवाला अशी अट नव्हती, त्यामुळे चार अर्ज आले तर चौघांचीही नोंदणी होई. त्यांतला सरस कोण, हे पोस्टाने पाहायचंच नव्हतं. एरिया कोणाचा हे मग खांबावर ठरे: कोणाची वायर आधी गेली, कोणाची कापली गेली, कोणाच्या पाठीशी कोण उभं आहे. विसर्जनाच्या मिरवणुका आणि उमेदवारांच्या मुलाखती दाखवणाऱ्या लोकल वाहिन्या याच केबलवाल्यांच्या कंट्रोल रूममधून निघाल्या. म्हणजे आपल्याकडे ज्याला स्थानिक टीव्ही म्हणावं, त्याचा मालक कुणी निवडलाच नाही.

याचं मूळ १८८५च्या टेलिग्राफ कायद्यात आहे. तारयंत्राचा मक्ता सरकारचा. पुढे रेडिओ आणि टीव्हीही त्याच मक्त्यात गेले. स्पर्धकच नाही, तर निवाडा कसला? १९९३च्या हिरो कप क्रिकेट स्पर्धेच्या प्रक्षेपणावरून बंगालची क्रिकेट संघटना आणि सरकार यांच्यात जुंपली, तेव्हा ही कोंडी फुटली. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. न्या. पी. बी. सावंत यांनी लिहिलेल्या निकालपत्रात प्रक्षेपणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता ठरली आणि तिचं नियमन समाजातल्या सर्व थरांचं प्रतिनिधित्व करणाऱ्या स्वायत्त संस्थेकडे असावं, असं सांगितलं गेलं. त्यासाठी १९९७ मध्ये विधेयक आलं, संसदेच्या समितीकडे गेलं आणि तिथेच विरलं. ती संस्था आजही नाही.

अमेरिकेत मात्र निवाड्याचा हा खटाटोप अर्धशतक चालला. एकाच लहरीसाठी (फ्रिक्वेन्सीसाठी) दोन अर्ज असतील तर दोघांना एकत्र ऐका, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९४५च्या ॲशबॅकर खटल्यात बजावलं. १९६५ मध्ये परवाने देणाऱ्या केंद्रीय दळणवळण आयोगाने (एफसीसी) निकष लिहून काढले. ज्याच्या हाती आधीच वर्तमानपत्र किंवा दुसरं केंद्र आहे, त्याची बाजू लंगडी. मालक स्वतः केंद्रात बसून काम पाहणार असेल, तर त्याची भक्कम. बॉस्टनचं चॅनेल पाच हे त्यातलं गाजलेलं प्रकरण. १९५७ मध्ये ते तिथल्या ‘हेराल्ड-ट्रॅव्हलर’ दैनिकाच्या कंपनीला मिळालं. नंतर कळलं, की प्रकरण चालू असताना दैनिकाचे प्रकाशक आयोगाच्या अध्यक्षांना जेवायला घेऊन गेले होते. (जेवणावळीचा हा मार्ग खान्देशी वाचकाला नवा वाटू नये.) १९६९ मध्ये आयोगाने परवाना स्पर्धक गटाला दिला, १९७२ मध्ये वाहिनी गेली आणि त्याच वर्षी दैनिकही विकलं गेलं. निकष तरी कुठे टिकले? मालकाने जातीने लक्ष घातल्याने केंद्र चांगलं चालतं याला पुरावा काय, असं विचारत अपील न्यायालयाने १९९३ मध्ये तो निकष मोडीत काढला. १९९७ मध्ये अमेरिकेच्या संसदेने व्यावसायिक परवान्यांसाठी लिलावच आणला.

आपण निकषांचा टप्पा न गाठताच लिलावावर आलो. २००० मधल्या पहिल्या एफएम लिलावात ४० शहरांतल्या १०८ वाहिन्या होत्या. बोल्या इतक्या चढल्या की अनेकांना पैसे भरता आले नाहीत आणि मोजकीच केंद्रं सुरू झाली. २००५च्या धोरणात बंद पाकिटातली बोली आणि उत्पन्नाचा चार टक्के वाटा आला. या टप्प्यात जळगावला ‘रेडिओ सिटी’ मिळाली. पुढच्या टप्प्यात, ई-लिलावातून, जळगाव आणि धुळ्यात ‘माय एफएम’. आज पहिली जागरण समूहाची आहे, दुसरी भास्कर समूहाची. दोघेही मुळात वर्तमानपत्रवाले, आणि भास्कर समूहाचं दैनिक तर जळगावातूनही निघतं. १९६५च्या अमेरिकी कसोटीवर हेच त्यांच्या विरोधात गेलं असतं. इथे तो प्रश्न विचारायची सोयच नाही.

अर्जदारांना तोलण्याचा नियम आपल्याकडे एकाच ठिकाणी सापडतो, सामुदायिक रेडिओच्या, म्हणजे नफा न कमावणाऱ्या संस्थांनी चालवायच्या छोट्या केंद्रांच्या, २००६च्या धोरणात. एका लहरीसाठी अनेक संस्था आल्या तर त्यांची समाजातली पत, हेतू, साधनं आणि लोकांत केलेल्या कामाची वर्षं पाहून समितीने निवड करायची. माझ्या मते प्रश्न नेमके हेच आहेत. पण ते विचारले जातात साधारण शंभर वॅटच्या केंद्रासाठी, ज्याचा आवाज आठ-दहा किलोमीटरवर विरतो आणि ज्याला स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा नाही.

ऑगस्ट २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने २३४ नव्या शहरांतल्या ७३० एफएम वाहिन्यांच्या लिलावाला मंजुरी दिली. त्या यादीत नंदुरबार आहे. मातृभाषेतल्या स्थानिक कार्यक्रमांना चालना मिळेल, असं तेव्हा सांगितलं गेलं. पण लिलावात बोलीचा आकडा तेवढा मोजतात. अहिराणी किंवा भिलीत किती तास कार्यक्रम करणार, याला त्यात गुण नाहीत.